इंजिनाची ताकद आणि टायरची पकड
सातारा-सांगलीच्या वाटांवर वेगवान मोटारीसाठी चाके व टायर निवडताना

जर्मनी, कॅनडासारख्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत ऑक्टोबर उजाडला की एक काम ठरलेले असते. गॅरेजच्या कोपऱ्यात रचून ठेवलेली चाकांची दुसरी जोडणी बाहेर काढायची आणि मोटारीला हिवाळी टायर चढवायचे. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायरशिवाय गाडी चालविण्यास २०१० पासून कायद्याने स्पष्ट मनाई आहे. सुटीवर गावी आलेला पुतण्या किंवा भाचा काकांच्या अंगणातील दमदार मोटार पाहून सहज विचारतो, "काका, तुम्ही हिवाळ्यात टायर बदलत नाही?"

प्रश्न अगदीच अस्थानी नाही. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची वार्ता जवळजवळ दर वर्षी वाचावयास मिळते. तथापि, ही पांढरी चादर सूर्य वर येताच विरते. हिवाळी टायरचे रबर सुमारे सात अंश सेल्सिअसखालीही मऊ राहावे असे बनविलेले असते. तेच रबर सांगलीच्या एप्रिल-मेमधील चाळीस अंशांच्या उन्हात भराभर झिजते आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर घेते. आपल्याकडे हिवाळी टायरची गरज नाही, हे उत्तर बरोबरच आहे. परंतु त्यावरून 'आपल्याकडे टायरला ऋतू नसतो' असा निष्कर्ष काढला तर तो महागात पडू शकतो. टायरची खरी परीक्षा घेणारा आपला ऋतू म्हणजे पावसाळा होय.

दोन जिल्हे, अनेक हवामाने

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचे वैशिष्ट्य असे की, पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशे मिलिमीटरच्या घरात असतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यात वर्षभरात पडतो त्याहून अधिक पाऊस माथ्यावर एका दिवसात झाला. एकच मोटार सकाळी महाबळेश्वरच्या धुक्यातून निघून दुपारी जतच्या तापलेल्या डांबरावर धावू शकते. तिच्या टायरने दोन्ही ठिकाणी तितकीच साथ द्यावी, ही अपेक्षा साधी नव्हे.

रस्त्यांचीही तीच गत आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर वेगाला वाव मिळतो. खंबाटकीचा घाट आणि साताऱ्याकडून पुण्याकडे जाताना बोगद्यापुढे येणारे इंग्रजी 'एस' आकाराचे वळण अनेक वर्षे अपघातांसाठी कुप्रसिद्ध राहिले. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट, मेढ्याहून महाबळेश्वरकडे जाणारा केळघर घाट, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट, पाटणहून चिपळूणकडे जाणारा कुंभार्ली घाट आणि कासच्या पठाराकडे नेणारा यवतेश्वरचा घाट येथे पावसाळ्यात पाणी, लाल माती आणि ओला पाचोळा यांचा थर रस्त्यावर साचतो. कासचा फुलांचा हंगाम नेमका ऑगस्ट ते ऑक्टोबर या ओल्या दिवसांत येतो, त्यामुळे शहरातील मोटारींची गर्दीही तेव्हाच असते. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात आणखी एक धोका आहे. गळीत हंगामात शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. अवकाळी पावसाची एक सर आली की हा थर साबणासारखा निसरडा होतो.

तळहाताएवढी जागा

जोमदार इंजिनाची मोटार घेताना आपण अश्वशक्तीचे आकडे वाचतो, शून्यावरून शंभरचा वेग किती सेकंदांत गाठला जातो ते विचारतो. हे सारे बळ रस्त्यावर उतरते ते चार टायरांच्या तळाशी. त्याचे साधे गणित मांडून पाहू. दीड टन वजनाच्या गाडीत प्रत्येक चाकावर सरासरी ३७५ किलो भार येतो. टायरमध्ये ३३ पौंड दाबाची हवा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो भार पेलला जातो. म्हणजे प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो सुमारे १६० चौरस सेंटिमीटर जागेत; साधारण तळहाताएवढ्या. कुटुंबातील चार-पाच जणांचा जीव या चार तळहातांवर सोपविलेला असतो.

आता ब्रेकचा विचार करू. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चांगल्या पकडीच्या कोरड्या रस्त्यावर, घर्षणांक ०.८ धरल्यास, ब्रेक लागल्यानंतर सुमारे ४९ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरमुळे हा अंक ०.५ वर आला, तर तेच अंतर ७९ मीटर होते. चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला, तर त्यात आणखी २८ मीटरची भर पडते. या हिशेबात इंजिनाची ताकद कोठेच येत नाही. वेग मात्र वर्गाच्या पटीत येतो. शंभरऐवजी १२० च्या वेगाने जाणारी गाडी थांबण्यास ४४ टक्के अधिक अंतर लागते. शक्तिमान गाडी हा वेग नकळत गाठते, म्हणूनच तिच्या टायरची निवड साध्या गाडीपेक्षा अधिक काटेकोर असावी लागते.

गाडी पाण्यावर तरंगते तेव्हा

रस्त्यावर साचलेले पाणी टायरच्या खाचांतून बाजूला फेकले जाते. वेग वाढला, पाणी अधिक असले किंवा खाचा उथळ झाल्या की पाणी निघून जाण्यास अवधी मिळत नाही. टायर पाण्याच्या थरावर चढतो, स्टिअरिंग एकाएकी हलके लागते आणि ब्रेकचा उपयोग उरत नाही. यालाच अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. 'नासा' या अमेरिकी संस्थेत १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर झालेल्या प्रयोगांतून एक सूत्र हाती आले. त्यानुसार टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. मोटारीच्या टायरला ते ढोबळमानाने लावले, तर ३३ पौंड दाबाला हा वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो आणि २५ पौंडांना तो ८३ वर उतरतो. खाचा खोल असतील आणि पाण्याचा थर पातळ असेल, तर टायर याहून अधिक वेगातही टिकाव धरतो. कमी हवा आणि झिजलेली नक्षी यांची जोडी मात्र महामार्गावरील सर्वसाधारण वेगातही घातक ठरते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. रुंद टायर म्हणजे अधिक पकड, हे कोरड्या रस्त्यावर बरेचसे खरे आहे. पाण्यात मात्र रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते, त्यामुळे तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. दिसायला भारदस्त म्हणून बसविलेले अतिरुंद टायर पावसाळ्यात उलटे पडू शकतात.

टायरच्या अंगावरील मजकूर

टायरच्या बाजूवर कोरलेली अक्षरे ही त्याची जन्मपत्रिका असते. उदाहरणार्थ, '२२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू' असे लिहिलेले असेल, तर २२५ ही मिलिमीटरमधील रुंदी होय. ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १७ म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. ९१ हा भारांक असून त्याचा अर्थ एका टायरला ६१५ किलो भार असा होतो. शेवटचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३००.

आपल्याकडे कोण २७० च्या वेगाने जाणार, असे म्हणून स्वस्तातील खालच्या श्रेणीचा टायर घेण्याचा मोह होतो. परंतु हे अक्षर केवळ वेगाचे नसते. टायर उष्णता किती सोसतो, याचीही ती खूण आहे. मे महिन्यात पूर्ण भरलेली गाडी महामार्गावर तासन्‌तास धावते, तेव्हा टायरच्या आत उष्णता साठत जाते. त्यामुळे गाडीच्या निर्मात्याने सांगितलेल्या भारांकापेक्षा व वेगश्रेणीपेक्षा खाली जाऊ नये.

टायरवर लांबट चौकटीत चार अंक असतात. '२३२५' म्हणजे २०२५ सालातील तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. दुकानदाराने सवलतीत देऊ केलेला टायर तीन-चार वर्षे गोदामात पडलेला तर नाही ना, हे या अंकांवरून लगेच कळते. रबर वापराविनाही म्हातारे होते. पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. नक्षी शाबूत दिसली तरी दहा वर्षांपलीकडे तो वापरू नये.

पावसासाठी कोणता टायर?

वेगवान मोटारींसाठी मिळणारे टायर ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार उच्च क्षमतेच्या रस्त्यावरील टायरांचा. परदेशी यादीत त्यांना 'समर' म्हटले जाते. नावावरून ते केवळ उन्हाळ्याचे वाटतात, परंतु चांगल्या प्रतीच्या अशा टायरला रुंद उभे पन्हळ असतात आणि उबदार पावसात त्याची पकड उत्तम असते. आपल्या हवामानात शक्तिमान गाडीसाठी हाच प्रकार सर्वाधिक योग्य ठरतो. दुसरा प्रकार आरामदायी 'टूरिंग' टायरांचा. हे शांत चालतात, अधिक किलोमीटर टिकतात, मात्र कडक ब्रेक लावताना किंचित मागे पडतात. रोजच्या वापरातील, फार जोरात न चालविल्या जाणाऱ्या गाडीला ते पुरतात. तिसरा प्रकार शर्यतीच्या मैदानासाठी बनलेल्या, जवळजवळ गुळगुळीत टायरांचा. कोरड्यावर ते जमीन सोडत नाहीत, पण पसरणी घाटातील पावसात त्यांच्यावर विसंबणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय.

युरोपात टायरवरील लेबलावर ओल्या रस्त्यावरील पकडीला 'ए' ते 'ई' अशी श्रेणी दिलेली असते. ज्या टायरांची ही श्रेणी उपलब्ध आहे, त्यांत 'ए' किंवा 'बी' निवडावी. भारतात एआयएस-१४२ या मानकानुसार ओल्या रस्त्यावरील पकड, घरंगळताना होणारा रोध आणि आवाज यांच्या किमान अटी लागू झाल्या. नव्या रचनेच्या टायरांना त्या १ ऑक्टोबर २०२२ पासून बंधनकारक झाल्या आणि त्यानंतर २०२३ मध्ये जुन्या रचनांनाही टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आल्या. अर्थात किमान अट पूर्ण करणे वेगळे आणि उत्तम असणे वेगळे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी असू नये. खाचांच्या तळाशी याच उंचीचे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीवर आली की टायरचे आयुष्य संपले असे समजावे. हा झाला कायदा. सह्याद्रीच्या पावसात वेगवान गाडी चालविणाऱ्याने मात्र तीन मिलिमीटर हीच आपली सीमा मानावी आणि मे महिन्यातच टायर बदलावेत. पावसाळा झाल्यावर पाहू, असे म्हणून सर्वांत धोक्याचे चार महिने संपत आलेल्या टायरांवर काढणे यात काटकसर नाही.

दोनच नवे टायर घ्यावयाचे असतील, तर ते मागे बसवावेत. पुढच्या चाकांना ताकद मिळत असल्याने नवे टायर पुढे, ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे. परंतु मागचे टायर पाण्यात आधी सुटले, तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हाती राहत नाही. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच जातीचे आणि जवळपास सारख्याच झिजेचे असावे लागतात.

मोठे रिम की लहान?

मोठ्या चाकांचा सोस आता सर्वत्र आहे. २०२० मध्ये मर्यादित संख्येने भारतात आलेल्या स्कोडा ऑक्टाविया आरएस २४५ या मोटारीला मुळातच १८ इंची रिम व २२५/४० मापाचे टायर होते. अशा टायरची बाजूची भिंत अवघी ९० मिलिमीटर असते. वळणावर गाडी नेमकेपणाने वळते ती या आखूड भिंतीमुळेच. परंतु पेठ नाका ते सांगली या रस्त्याने वर्षानुवर्षे दाखविलेले खड्डे आठवले, तर याच भिंतीची धास्ती वाटते. पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही. टायर रिम आणि खड्ड्याची कडा यांत चिरडतो, आतील धागे तुटतात आणि बाजूला टेंगूळ येते. असा टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. अलॉयला तडा गेला असेल, तर तो वितळवून जोडून देणारे कारागीर भेटतात, पण वेगवान गाडीला असे जोडलेले चाक वापरू नये.

येथे परदेशातील दुसऱ्या जोडणीची कल्पना वेगळ्या रूपात उपयोगी पडते. २२५/४० आर १८ या टायरचा एकूण व्यास ६३७ मिलिमीटर, तर २२५/४५ आर १७ चा ६३४ मिलिमीटर असतो. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्याने वेगदर्शक काटा फसत नाही. मात्र भिंतीची उंची ९० वरून १०१ मिलिमीटर होते. निर्मात्याने त्या गाडीसाठी १७ इंची मापही मान्य केले असेल, तर जून ते ऑक्टोबर १७ इंची आणि एरवी १८ इंची अशी विभागणी करता येते. लहान रिम मोठ्या ब्रेकला घासत नाही ना, हे आधी चाक बसवून पाहावे. दुसरी जोडणी परवडत नसेल, तर गाडी घेतानाच लहान रिमचा पर्याय निवडणे शहाणपणाचे.

अलॉय घेताना केवळ इंच पाहून भागत नाही. बोल्टांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या छिद्राचे माप, रिमची रुंदी आणि 'ईटी' या अक्षरांपुढे लिहिलेले ऑफसेट ही सर्व मापे जुळावी लागतात. ऑफसेट चुकल्यास चाक बाहेर डोकावते, वळताना मडगार्डला घासते आणि बेअरिंगवर ताण येतो. रिमवर भारक्षमता कोरलेली नसेल, तर ते घेऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाचा तपशील निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. म्हणूनच निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मापांतच राहावे. अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालण्यापेक्षा हे सोपे आहे.

आणखी एक व्यावहारिक बाब. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या मोटार टायरांची आयात खुल्या वर्गातून परवाना लागणाऱ्या वर्गात टाकली. त्यानंतर मोठ्या मापांचे परदेशी टायर मिळविणे अवघड झाल्याचा अनुभव अनेक मोटारमालकांना आला. १९ किंवा २० इंची रिम निवडण्याआधी त्या मापाचा टायर साताऱ्यात, सांगलीत, निदान पुण्यात वा कोल्हापुरात सहज मिळतो का, याची चौकशी करावी. अनेक वेगवान गाड्यांत स्टेपनी नसते. हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असल्यास ती न देण्याची मुभा नियमांनी २०२० मध्ये दिली. पंक्चरनंतरही चालणारे 'रन-फ्लॅट' टायर असतील, तर ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर अंतर कापता येते. बाजूची भिंत फाटली, तर मात्र दुरुस्तीच्या साहित्याचा उपयोग होत नाही, हे आडवाटेला निघताना ध्यानात असावे.

हवा आणि पूर

आपल्याकडच्या हिवाळ्याचा टायरवर परिणाम होतो तो हवेच्या दाबातून. सांगलीत दुपारी ३५ अंशांत ३३ पौंड हवा भरली आणि महाबळेश्वरला पहाटे आठ अंशांत गाडी सुरू केली, तर दाब काही पौंडांनी उतरलेला आढळतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर दिलेला दाब थंड टायरचा असतो. दर पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी फार न चालविता तो तपासावा. नायट्रोजन भरला असला तरी ही तपासणी चुकवू नये.

शेवटी पुराविषयी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी सांगलीत घराघरांत शिरले. आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हा तेव्हा अवघ्या शहराच्या चिंतेचा विषय झाला होता. उत्तम टायर आहेत म्हणून वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. फूटभर वाहते पाणीही लहान मोटार उचलू शकते, आणि वेगवान गाड्या तर जमिनीलगत असतात. गाडी पुरात बुडाली असेल, तर टायर रिममधून काढून आतून पाहावा आणि बेअरिंग व ब्रेक तपासल्याखेरीज ती रस्त्यावर आणू नये.

पावसाळ्यापूर्वी हे पाहा

- मेअखेरीस चारही टायरांची नक्षी मोजा. तीन मिलिमीटरहून कमी असल्यास बदला.
- चार अंकी उत्पादनतारीख वाचा. बाजूच्या भिंतीवर चिरा वा टेंगूळ नाही ना, ते हात फिरवून पाहा.
- मूळ भारांक व वेगश्रेणी कायम ठेवा. ओल्या रस्त्यावरील पकडीला पहिले प्राधान्य द्या.
- टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा 'बाहेरची बाजू' अशी खूण असल्यास तो तसाच बसविला आहे याची खात्री करा.
- मोठा खड्डा बसल्यावर आणि नवे टायर घातल्यावर अलाइनमेंट व बॅलन्सिंग करून घ्या.
- पहिल्या सरींत रस्त्यावरील तेल व धूळ यांचा लगदा होतो. त्या दिवसांत वेग आवरा.

गाडीची किंमत लाखांत मोजणारे आपण टायर घेताना हजारांत घासाघीस करतो. केळघरच्या ओल्या वळणावर समोरून अचानक एसटी येते, तेव्हा त्या हजारांचा हिशेब एका क्षणात होतो. तो आपल्या बाजूने लागावा याची तजवीज मे महिन्यातच करून ठेवलेली बरी.